ओटीच्या दगडाची व कुंभारवाडीची हकीकत

श्री. जी आभाळातून उतरते, डोंगरातून धावते आणि मनास येईल तेव्हा कोणाच्याही अंगणात येऊन बसते, त्या जलमातेस आधी नमस्कार; मग ज्यांच्या हातच्या मडक्यात ती निमूट राहते, त्या कुंभारांस नमस्कार; मग वाचणारास. राजशक त्रेसष्टावे, सौम्य नाम संवत्सर, श्रावण वद्य तृतीया, गुरुवार, ते दिवशी नदी कुंभारवाडीत आली, तेथून या हकीकतीस आरंभ. संवत्सराचे नाव सौम्य, परंतु पाणी त्या नावास जागले नाही. लिहिणाराचे नाव पुसू नये. तो वाडीच्याच मडक्यातले पाणी पितो, सबब त्याचा जीव कोणीकडे झुकतो हे वाचणाराने ओळखून असावे.

ऐसियास कुंभारवाडी म्हणजे राजधानीपासून तीन कोसांवर नदीच्या वळणात चाळीस उंबऱ्यांची वस्ती. पुढे नदी, मागे ओढा, आणि ओढ्यापलीकडे उंच माळ. वाडीचा रिवाज ऐसा की, नदी ही वाडीची माहेरवाशीण, आणि लेक जशी श्रावणात माहेरी येते तशी ती येते. तिच्यासाठी घाटाच्या पायरीवर एक काळा दगड नेमलेला, त्यास ओटीचा दगड म्हणत. पाणी त्या दगडास लागले म्हणजे लेक दारात आली; मग मानाच्या बाईने खाली उतरून तिची खणानारळाने ओटी भरावी, आणि ओटी भरली की सर्वांनी घरे सोडून, ओढा ओलांडून माळावर जावे. परंतु ओटीच्या आधी कोणी उंबरा ओलांडावयाचा नाही, कारण लेक दारात येते आणि माहेरची माणसे पाठ दाखवून पळतात, हे बरे दिसत नाही. हा मान पूर्वी सोनाबाईंकडे होता. त्या अंथरुणास खिळल्या तेव्हा तो त्यांच्या धाकट्या जाऊ अनसाबाई यांजकडे आला. अनसाबाईंचे वय पासष्ट, आवाज खणखणीत, आणि गुडघे मात्र पार गेलेले. त्यांचे यजमान केरबा कुंभार, हात मोठा गुणी, बोलणे थोडके. चाकावर बसले म्हणजे दिवसभरात चार शब्द बोलत, आणि त्यातील दोन गाढवास उद्देशून असत.

त्या वर्षी पाऊस तीन दिवस खळला नाही, आणि गुरुवारी सकाळी पाणी पायरीमागून पायरी चढू लागले, आणि वाडीतील लोकांनी रीतीप्रमाणे बोचकी बांधून उंबऱ्याच्या आत ठेविली आणि वाट पाहत बसले. मागे ओढ्यात पाणी शिरल्याचे दोघातिघांनी येऊन सांगितले, परंतु ओटीचा दगड अजून कोरडा, सबब कोणी हलले नाही. दोन प्रहरी पाणी दगडास लागले. अनसाबाईंनी ओटी भरली, कुंकू वाहिले, दमानं ये बाई ऐसे म्हणाल्या, आणि मग सारी वाडी माळाकडे निघाली, तो ओढा छातीच्या वर होऊन गर्जत होता. केरबांनी आधी थोरल्या वहिनीस, म्हणजे सोनाबाईंस, पाठुंगळी घेतले आणि पाण्यात उतरले. मध्यात एक ओंडका येऊन लागला, केरबांचा तोल गेला, आणि सावरून उभे राहतात तो पाठ हलकी. मग माळापलीकडील गुऱ्हाळवाले गूळ कढवावयाच्या लोखंडी काहिली डोक्यावर घालून धावत आले, आणि त्या काहिली ओढ्यात सोडिल्या, आणि त्यांत बसवून माणसे पार नेली. अनसाबाईंची सून गजरा आणि तिचे अडीच महिन्यांचे चिरंजीव हे एका काहिलीत आरूढ जाहले. चिरंजीवांनी सारा प्रवास झोपेत केला आणि पैलतीरी पोचताच भुकेचा पुकारा केला, आणि तो ऐकून इतका वेळ कोरड्या डोळ्यांनी उभी असलेली वाडी रडू लागली. एकतीस घरे बसली, भट्टी गेली, नऊ गाढवे गेली, आणि सोनाबाई गेल्या त्या सापडल्या नाहीत.

हे वर्तमान हुजूर पोचताच महाराज स्वतः माळावर आले. महाराज मनाचे लोण्यासारखे, आणि डोळ्यांस पाणी आले म्हणजे त्यांच्या तोंडून वचन गेलेच म्हणून समजावे. त्यांनी अनसाबाईंचे हात हातात घेतले आणि सर्वांसमक्ष बोलून गेले की, आई, तुमची घरे होती तेथे तशीच सरकार उभी करून देईल. वाडीने जयजयकार केला. कारभारी विसाजीपंत मागे उभे होते, त्यांनी कपाळास हात लाविला. पंत मनुष्य कडक, परंतु आतून हळवे, आणि ही गोष्ट कोणास कळू नये म्हणून फार जपत. त्यांचे म्हणणे ऐसे की, जेथे नदी येते ती जागा नदीची, तेथे सरकारने पुन्हा घर बांधून देणे म्हणजे माणसास बुडावयास जागा नेमून देणे. हे त्यांनी दरबारात सांगितले, आणि माळावर आखलेल्या नव्या वस्तीचा नकाशा पुढे ठेविला, आणि मग त्या प्रश्नावरून दरबारात दोन तट पडले. एक सरदार म्हणाले की जोती उंच करून तेथेच बांधावे. दुसरे म्हणाले की नदीस तट घालावा. तिसरे म्हणाले की कुंभारांस पोहणे शिकवावे. तिघेही गडावर राहणारे, त्यांच्या घरात पाणी शिरले तर ते फक्त भिस्त्याच्या पखालीतून. महाराजांस मात्र झोप येईना, कारण दिलेला शब्द एकीकडे आणि पंतांचे खरे बोलणे दुसरीकडे.

वाडीचे लोक तोवर देवळाच्या ओवऱ्यांत दिवस काढीत होते. माघात अनसाबाईंस दरबारी बोलाविले. त्या काठी टेकीत आल्या, नकाशा पाहिला, आणि पुसत्या जाहल्या की, पंत, तुमच्या या माळावर पाणी कुठंय. पंत म्हणाले की नदी काही पळून जात नाही, आणावे. बाई म्हणाल्या, "माती भिजवायला दिसाला तीस घागरी लागत्यात. तुमी एक आणून दावा. मग आमी मुकाट जातो." दरबारात हसू उठले. परंतु पंत जिद्दीचे. दुसरे दिवशी पहाटेची थंडी असता नदीवर गेले, घागर भरून खांद्यावर घेतली, आणि ओढा ओलांडून माळ चढू लागले. चढावर दोनदा बसले. वर पोचले तेव्हा घागर अर्धी, पागोटे भिजलेले, आणि जोड्याचा एक पाय ओढ्यातच राहिलेला. बाभळीखाली बसून त्यांनी त्याच घागरीतले पाणी पिऊन टाकिले, आणि नकाशा काढून कोपऱ्यात आपल्या हाताने विहीर काढिली. ही गोष्ट त्यांनी कोणास सांगितली नाही, परंतु वाडीची अर्धी माणसे झाडाआडून पाहत होती.

इकडे केरबा पुरानंतर चाकावर बसले नव्हते. कोणी काही पुसले तर हातांकडे पाहत. गजराने नातू मांडीवर आणून दिला तर घेत, परंतु उचलून पाठीशी धरीत नसत. अनसाबाई रात्रंदिवस एकच सांगत की आपले घर परत उभे राहिले, चाक जागेवर बसले, म्हणजे हे माणूस पुन्हा जागेवर येईल. म्हणून त्या घरासाठी झुंजत होत्या. त्यांस भिंती नको होत्या, त्यांस त्यांचा केरबा परत पाहिजे होता, आणि हे लिहिणारास फार उशिरा उमगले.

पुढे साधारण नाम संवत्सर लागले, वैशाख आला, नदी आटून पात्राशी गेली. महाराजांनी शब्द पाळावयाचे ठरविले आणि वाडीत पहिल्या घराची पायाभरणी नेमिली, अक्षय तृतीयेस, सकाळी. पंत रुसलेले, तरी आले, आणि बगलेत सपाटी मोजावयाची पाणसळ घेऊन आले, कारण बांधणार असाल तर निदान सरळ बांधा ऐसे त्यांचे म्हणणे. कुंभार त्या वेळी घाटाच्या पायथ्याशी पुराने आणून टाकिलेला गाळ खणीत होते. माती लोण्यासारखी, गेल्या वीस वर्षांत ऐसी माती आली नव्हती, आणि ज्या पाण्याने घर नेले त्यानेच ती आणून दिली होती, तेव्हा तिला शिव्या द्याव्या की हळदकुंकू वाहावे हे त्यांस कळत नव्हते. खणता खणता खालून पाचवी पायरी उघडी पडली, आणि तीत टाकीने कोरलेला एक वाटोळा खळगा निघाला. अनसाबाईंनी काठी टेकीत येऊन तो पाहिला, आणि बराच वेळ पाहिला, आणि मग म्हणाल्या की वरचा ओटीचा दगड काढून आणा. दोघांनी तो आणिला आणि खळग्यात ठेविला, तो गाडग्यावर झाकण बसावे ऐसा बसला.

मग शोध सुरू जाहला. आठव्या पायरीवर खळगा निघाला, अकराव्या पायरीवर निघाला, चौदाव्या पायरीवर निघाला, जितका वर तितका ओबडधोबड, आणि सतराव्या पायरीवर, जेथून आता दगड काढिला होता, तेथे खळगासुद्धा नव्हता, नुसता चुना. म्हातारी माणसे आठवू लागली. कोणी म्हणाले, आपल्या आजीच्या काळी दगड अकराव्या पायरीवर होता. तिला उतरवेना म्हणून आजोबांनी चौदाव्या पायरीवर आणिला. त्याआधीही ऐसेच जाहले असणार. प्रत्येक पिढीत मानाची बाई म्हातारी होई, पायऱ्या निसरड्या, आणि घरचे कोणी तिच्या मायेपोटी दगड तीन पायऱ्या वर सरकवी. कोणाचाही हेतू वाईट नव्हता. पंतांचा चेहरा पालटला. त्यांनी पाणसळ लाविली, दोऱ्या ताणिल्या, घाटापासून ओढ्यापर्यंत चार फेऱ्या मारिल्या, आणि मग महाराजांपुढे येऊन सांगते जाहले की, बारावी पायरी बुडते त्याच वेळी मागे ओढ्यात पाणी शिरते. चौदावीस पाणी लागेतो ओढा गुडघाभर. आणि सतरावीस लागेतो छातीच्या वर. ज्याने पहिला खळगा कोरला, त्याने ओढा कोरडा असता माणसे निघावी म्हणून कोरला. वाडीने ओटी पाळिली आणि ओढा विसरली.

तेव्हा मागून केरबा पुढे आले. नऊ महिन्यांत ज्यांनी तोंड उघडले नव्हते, ते महाराजांकडे न पाहता बायकोकडे पाहून बोलते जाहले, "चौदाव्यावरनं सतराव्यावर म्या आणला. तीन वर्सं झाली. तुझं गुडघं दुखत हुतं." आणि मग म्हणाले, "वहिनीला म्याच बुडवली."

पंत खाली पाहू लागले. महाराजांच्या डोळ्यांस अर्थातच पाणी आले, परंतु या वेळी त्यांनी कोणतेही वचन दिले नाही, हे लिहून ठेवावे. अनसाबाई पायरीवर बसल्या. रागावतील ऐसे लोकांस वाटले. त्यांनी केरबांस हात धरून शेजारी बसविले, आणि म्हणाल्या, "तुमी दगड वर आणला त्या दिशी मला बरं वाटलं हुतं. म्या बी इचारलं न्हाई, का आणला म्हून. मग एकट्यानं कशापायी वझं घेता?" केरबा रडले. भरल्या उन्हात, राजापुढे, साऱ्या वाडीपुढे, लहान पोरासारखे रडले, आणि बाई त्यांची पाठ चोळीत राहिल्या, त्याच पाठीवरून थोरली जाऊ गेली होती. लिहिणारास पुढे काही काळ दिसेनासे जाहले, सबब त्या घटकेचा वृत्तांत एवढाच.

मग अनसाबाई उठल्या आणि महाराजांपुढे गेल्या. घाटाकडे, पडक्या घरांकडे, पायासाठी खणलेल्या चराकडे पाहिले आणि म्हणाल्या, "म्हाराज, आमी हिला लेक म्हनतो. लेक माहेरला आली तर तिला अंग टाकायला जागा नको का? आमी तिच्याच खोलीत चुली मांडून बसलोय. तुमचा शबुद म्या माघारी देते. हितं घरं बांधू नका." महाराज म्हणाले की, आई, मग तुमचे घर? बाई म्हणाल्या, "आधी पंतांची हीर. मग घर."

हे ऐकून पंतांनी नकाशा उलगडला, आणि विहीर आधीपासून काढलेली पाहून बाई हसल्या, आणि पंतांनी घाईघाईने नकाशा गुंडाळिला. मग त्याच जागी, उन्हात उभे राहून ठराव जाहला. राहती घरे माळावर. विहीर पहिली, घरे नंतर. नदीकाठी चाके आणि भट्टी राहावी, कारण मातीपासून कुंभार तोडता येत नाही. परंतु त्यांवर छप्पर बांबूतट्ट्यांचे, सुटून गाढवावर लादता येईल ऐसे. पंतांस काठावर एक काडीही नको होती, आणि वाडीतील सात घरांस माळ नको होता. दोघांनीही पुष्कळ कुरकुर केली आणि दोघांचेही पुरते मानिले गेले नाही. ओढ्यावर दगडी साकव घालावा. आणि ओटीचा दगड पाचव्या पायरीवर शिसे ओतून पक्का करावा, म्हणजे पुढे कोणाची माया उतू गेली तरी तो हलू नये.

येणेप्रमाणे कामे चालली. विहिरीस अठ्ठेचाळीस हातांवर पाणी लागले, आणि पहिली घागर पंतांकडून काढविली. माळावर वारा फार, छपरे उडत, पहिल्या वर्षी बायका रोज संध्याकाळी कडेस उभ्या राहून खालच्या रिकाम्या वाडीकडे पाहत आणि डोळे पुशीत. हे न लिहिता पुढे जाणे खोटेपणा होईल. दोघेजण तर खालीच झोपावयास जात, त्यांस समजावून आणावे लागे. अनसाबाईंनी आपल्या पडक्या घराचा उंबरा तेवढा उपटून वर आणिला आणि नव्या दारास लाविला. तो चार बोटे तोकडा पडला, म्हणून बाजूस गजराने माती भरली. आणि त्या दारात केरबा चाकावर बसले. पहिले मडके वाकडे जाहले. ते मोडू नका ऐसे बाई म्हणाल्या, आणि मीठ भरावयास ठेविले.

त्या साली पाऊस थोडा, नदी पाचव्या पायरीखालीच राहिली. पुढील साली विरोधकृत नाम संवत्सर, श्रावण शुद्ध नवमी, सकाळचा दुसरा प्रहर. पाणी पाचव्या पायरीवरील दगडास लागले. ओढा कोरडा, साकवाखाली बेडूक ओरडत होते. वाडीने छपरे सोडिली, चाके गाढवांवर लादिली. आता सवाल ऐसा की, अनसाबाईंस माळ उतरून, एकवीसपैकी सोळा निसरड्या पायऱ्या उतरून, खाली जाणे. गजरा म्हणाली की आत्याबाई, यंदा मी जाते, मान माझ्याकडे द्या. बाई ताट हातात घेऊन उभ्या राहिल्या, आणि केरबांकडे पाहिले. केरबा पुढे आले, वळले, आणि पाठ वाकवून बसले. त्या पाठीवर दोन वर्षांत कोणी बसले नव्हते, नातूसुद्धा नव्हता. बाई बसल्या. केरबांनी हात मागे घेऊन घट्ट धरिले आणि एकेक पायरी मोजीत उतरू लागले. मध्यावर ते थांबले. बाई त्यांच्या कानाशी म्हणाल्या, "म्या हाय पाठीवर. चला." आणि ते उतरले. पाण्याशी बाईंनी ओटी भरली, खण वाहिला, एक नारळ लेकीचा आणि एक नारळ सोनाबाईंचा म्हणून सोडिला, आणि मग दोघे तसेच वर आले. मग सारी वाडी साकवावरून माळावर गेली, वाटेत कोणाचा तळवासुद्धा ओला जाहला नाही. तिसरे दिवशी नदी वाडीत शिरली, रिकाम्या गल्ल्यांतून फिरली, पाच दिवस राहिली, आणि पुष्कळ माती ठेवून गेली.

एवंच, बुडत्या जागी पुन्हा घरे बांधावी की न बांधावी, या प्रश्नावर दरबारात सात महिने वाद जाहला आणि घाटावर एका सकाळी तो मिटला. घरे वर गेली, चाके खाली राहिली, दगड मूळ जागी गेला. मायेच्या माणसास उतरवत नसेल तर दगड वर आणू नये, त्यास पाठीवर घेऊन खाली न्यावे, ऐसा नवा रिवाज वाडीत पडला आहे. केरबा आता दर वर्षी नेतात. दमतात फार, परंतु दुसऱ्या कोणास नेऊ देत नाहीत. पाहिले तैसे लिहिले. चुकले असेल ते पोटात घालावे, आणि वाडीकडे येणे जाहले तर वर येऊन केरबांच्या नातवास घर विचारावे, तो विहिरीपाशीच असतो.